प्रमाणपत्र कशाचे?

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांचे शिबिर होते. आम्हाला तेथे 'मापन' या विषयावर बोलायचे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी यजमान शिक्षकांनी सर्वांना नगरपरिषदेच्या जलशुद्धीकरण केंद्रावर नेले. नववी-दहावीची दहा-बारा मुलेही बरोबर होती. तुरटी मिसळणे, निवळण टाक्या, वाळूचे गाळणे आणि शेवटी क्लोरीन असा पाण्याचा सगळा प्रवास पाहून झाल्यावर आम्ही नियंत्रण कक्षात गेलो. भिंतीला लागून एक करडे कपाट होते. त्याच्या आत हिरवे दिवे लुकलुकणारा, वहीएवढा एक डबा बसवलेला होता. "पंप कधी सुरू करायचा, क्लोरीन किती सोडायचा, सगळं हाच ठरवतो," तेथील ऑपरेटर कौतुकाने सांगत होते. एका मुलीने विचारले, "काका, हा बाहेरून कुणी बिघडवला तर?" "नाही गं, सर्टिफिकेट आहे त्याला. टेंडरमध्ये अटच होती तशी." कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटपट्टीने एक कागद लावला होता. त्यावर बॉलपेनने पासवर्ड लिहिलेला होता.

मुले हसली, शिक्षकही हसले. आम्ही ते प्रमाणपत्र पाहायला मागितले. फाइल सापडायला थोडा वेळ लागला, पण कागद चोख होता. उपकरणाचे नाव, प्रतिमान क्रमांक, आतल्या आज्ञावलीची आवृत्ती, कोणत्या मानकानुसार तपासणी झाली त्याचा क्रमांक, तपासणाऱ्या प्रयोगशाळेचे नाव आणि खाली त्या प्रयोगशाळेचा अधिस्वीकृती क्रमांक. सर्व काही जागच्या जागी. फक्त कागदावरची आवृत्ती आणि डब्याच्या पडद्यावर दिसणारी आवृत्ती एक नव्हती.

या लेखात आम्हाला त्या कागदाची झडती घ्यायची आहे, त्या गावाची नव्हे. अशी प्रमाणपत्रे देण्याची एक मोठी, गेली पंधरा-सोळा वर्षे उभी राहत असलेली जागतिक व्यवस्था आहे. तिच्यात मनापासून काम करणारी माणसे आहेत, चांगले विज्ञानही आहे. तरीही ती जे सांगते आणि आपण जे ऐकतो, यांत बरेच अंतर आहे, असे आमचे मत झाले आहे.

आधी त्या डब्याविषयी. त्याला पीएलसी म्हणतात. मोटारींच्या कारखान्यांत यंत्रांचा क्रम ठरवण्यासाठी रिलेंच्या भिंतीच्या भिंती असत. त्या हटवण्यासाठी १९६८-६९ च्या सुमारास हे उपकरण जन्माला आले. ते टाकीतील पातळी, नळातील दाब, तापमान यांची मापे घेते, आत भरलेल्या आज्ञावलीप्रमाणे निर्णय घेते आणि पंप, झडपा, मोटारी चालू-बंद करते. सेकंदात कित्येक वेळा हे चक्र फिरते. आज वीज उपकेंद्रे, खत कारखाने, दूध डेअऱ्या, साखर कारखाने, पाणी योजना या सर्वांच्या पोटात असे डबे बसलेले असतात.

या डब्यांची एक जुनी भाषा आहे, मॉडबस. ती १९७९ सालची. एखादी कळ चालू करण्याचा तिच्यातील एक साधा संदेश अवघ्या ८ बाइटचा असतो. कोणत्या उपकरणासाठी, कोणते काम, कोणती कळ, चालू की बंद, आणि शेवटी २ बाइटची एक पडताळणी बेरीज. 'हा संदेश कोण पाठवत आहे' याला त्या ८ बाइटांत जागाच नाही. ज्यांनी ही भाषा रचली ते निष्काळजी नव्हते. त्या काळी तार कारखान्याच्या भिंतीआड राही. खोलीत उभा असलेला माणूस आपलाच असणार, हे गृहीत धरणे चुकीचे नव्हते. शेवटची पडताळणी बेरीजही मोठ्या विचाराने ठेवलेली आहे. तारेत शेजारच्या मोटारीमुळे खरखर झाली आणि संदेशातील एखादा बिट उलटला, तर ती जुळत नाही आणि उपकरण संदेश फेकून देते. पण ही बेरीज कोणीही करू शकतो. निसर्गाच्या खोडीपासून ती संदेशाला वाचवते, माणसाच्या खोडीपासून नाही. हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

पुढे भिंती पडल्या. घरबसल्या पाण्याची पातळी दिसावी म्हणून डबे मोडेमला आणि मग इंटरनेटला जोडले गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात अ‍ॅलिक्विपा या गावाच्या पाणीपुरवठा संस्थेतील दाब राखणारे एक केंद्र हल्लेखोरांनी ताब्यात घेतले. तेथील पीएलसीच्या पडद्यावर त्यांनी आपला संदेश झळकवला. कर्मचाऱ्यांनी यंत्रणा हाताने चालवायला घेतली आणि पाणी चालू राहिले. या जातीच्या उपकरणांना कारखान्यातून येताना जो पासवर्ड दिलेला असे तो होता १, १, १, १. आणि ही उपकरणे सरळ इंटरनेटवर उघडी होती. यात कसलीही विद्वत्ता लागत नाही. आम्ही पाहिलेल्या कपाटाच्या दारावरचा कागद त्या मानाने बरा म्हणायचा. तो निदान खोलीत शिरल्याशिवाय वाचता येत नव्हता.

तेव्हा उपकरणे विकत घेण्यापूर्वी कोणीतरी जाणत्याने तपासावीत ही मागणी रास्तच आहे. ती पुरी करण्यासाठी जी उतरंड रचली गेली ती अशी. सर्वांत खाली उपकरण. त्याची तपासणी करणारी प्रयोगशाळा. ती प्रयोगशाळा लायक आहे ना, हे पाहणारी अधिस्वीकृती संस्था. आणि अधिस्वीकृती संस्थांनी एकमेकींना तपासून एकमेकींचा शब्द मानायचा. अधिस्वीकृती हा शब्द महाविद्यालयांतील वाचकांना 'नॅक'मुळे परिचित आहे. प्रयोगशाळांच्या बाबतीत आपल्याकडे हे काम एनएबीएल ही राष्ट्रीय संस्था करते. प्रयोगशाळा कशी असावी याचे मानक आहे आयएसओ/आयईसी १७०२५. ते १९९९ साली आले आणि सध्याची आवृत्ती २०१७ची आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठी १७०६५ आणि अधिस्वीकृती देणाऱ्यांसाठी १७०११ अशी भावंडे आहेत. देशोदेशीच्या अधिस्वीकृती संस्थांनी २००० साली परस्पर मान्यतेच्या करारावर सह्या केल्या. त्यामुळे एका देशातील प्रयोगशाळेचा अहवाल दुसऱ्या देशात पुन्हा तपासणी न करता स्वीकारता येऊ लागला. निर्यात करणाऱ्यांना याचे मोल विचारावे.

औद्योगिक नियंत्रकांच्या सुरक्षेसाठी या उतरंडीचा पहिला मोठा वापर अमेरिकेत झाला. स्वयंचलन क्षेत्रातील अभियंत्यांच्या 'आयएसए' या संस्थेच्या छत्राखाली २००७ साली एक मंडळ स्थापन झाले आणि त्याने 'आयएसएसिक्युअर' नावाची योजना आखली. २०११ मध्ये हनीवेल कंपनीचा 'सेफ्टी मॅनेजर' हा नियंत्रक तीत पहिल्यांदा उत्तीर्ण झाला. योजनेची विशेष गोष्ट अशी की मंडळ स्वतः काहीच तपासत नाही. तपासणाऱ्या प्रयोगशाळेने आधी १७०२५ आणि प्रमाणनाच्या मानकानुसार स्वतंत्र संस्थेकडून अधिस्वीकृती मिळवायची, मगच तिला परवाना. जपाननेही हा मार्ग धरला आणि मियागी प्रांतातील तागाजो या २०११च्या त्सुनामीत होरपळलेल्या शहरात त्यासाठी केंद्र उभे केले. पुढे या क्षेत्राचे आयईसी ६२४४३ हे आंतरराष्ट्रीय मानक तयार होत गेले. त्याचा उपकरणांविषयीचा भाग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

सुरुवातीच्या योजनेत तपासणीचे तीन भाग होते. कंपनी आज्ञावली कशी लिहिते, तिची पद्धत शिस्तीची आहे का, हा एक. उपकरणात सुरक्षेच्या सोयी आहेत का, म्हणजे पासवर्ड मागते का, नोंदी ठेवते का वगैरे, हा दुसरा. तिसरा भाग आम्हाला सर्वांत मनोरंजक वाटतो. उपकरणावर वेड्यावाकड्या संदेशांचा मारा करायचा. लांबी चुकीची, क्रम उलटा, रकाने भलत्याच आकड्यांनी भरलेले असे लाखो संदेश धाडायचे आणि त्याच वेळी उपकरणाच्या झडपेकडे जाणाऱ्या तारेवर लक्ष ठेवायचे. मारा चालू असतानाही झडप वेळच्या वेळी हलते का? त्याआधीच्या काळात असा एखादा विचित्र संदेश आला की भलेभले नियंत्रक गपकन बंद पडत. कोणी हल्लाही केलेला नसे. एखाद्याने नेटवर्क चाचपून पाहिले तरी पुरे. या चाचणीने ते बरेच थांबले. व्यवस्थेचे हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. दहा डॉक्टरांनी औषध सांगून जो रोगी ऐकत नाही, तो विम्याच्या तपासणीला जाताना मात्र पथ्य पाळतो. कंपन्यांचेही तसेच झाले.

मग आमची तक्रार काय?

वाण्याकडचे किलोचे वजन घ्या. वैध मापनशास्त्र खात्याचा निरीक्षक ते प्रमाण वजनाशी ताडून पाहतो आणि शिक्का मारतो. प्रयोगशाळेतील तराजूचेही अंशांकन होते. १०० ग्रॅमच्या वजनाचे माप १००.० ग्रॅम, अनिश्चितता इतकी, असा निकाल मिळतो. १७०२५ या मानकाचा आत्मा येथे आहे. माप राष्ट्रीय प्रमाणापर्यंत पोहोचणाऱ्या साखळीने जोडलेले असावे, त्याची अनिश्चितता सांगता यावी आणि दुसऱ्या प्रयोगशाळेने मोजले तरी तेच उत्तर यावे. हे सारे शक्य होते, कारण वजन प्रामाणिक आहे. आपल्याला मोजले जात आहे हे त्याला ठाऊक नसते. उद्या ते गंजेल, झिजेल, पण निरीक्षकाची पद्धत अभ्यासून नेमके तिच्या फटीतून निसटण्याचा विचार ते करणार नाही.

कुलूप ही वेगळी वस्तू आहे. शिबिरात आम्ही एक खेळ केला होता तो सांगतो. तीन आकड्यांचे एक साधे कुलूप एका लाकडी पेटीच्या कडीला लावले. शिक्षकांचे दोन गट केले. पहिल्या गटाला तपासणीचा तक्ता दिला. आकडे फिरतात का, चुकीच्या आकड्यावर कुलूप उघडते का, ओढले तर सुटते का, खाली पडल्यावर चालते का, अशा पंधरा कसोट्या होत्या. गटाने मन लावून त्या केल्या. कुलूप सर्वांत पास झाले. दुसऱ्या गटाला एकच वाक्य सांगितले, पेटी उघडा. एकूण १००० जोड्या आहेत, एका जोडीला ३ सेकंद धरले तर सगळ्या तपासायला ५० मिनिटे लागतात, असा हिशेब एका सरांनी फळ्यावर मांडला आणि कामे वाटून घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यात एका बाईंनी पर्समधून नेलकटर काढून कडीचे दोन स्क्रू सैल केले. पेटी उघडली. कुलूप मात्र होते तसेच बंद होते.

पहिल्या गटाचा अहवाल खोटा होता का? मुळीच नाही. दुसऱ्या कोणत्याही गटाने तो तक्ता भरला असता तर तेच निकाल आले असते. अधिस्वीकृतीची कसोटी त्यांनी पूर्ण केली असती. अडचण प्रयोगशाळेच्या लायकीची नाही, प्रश्नाच्या निवडीची आहे. अधिस्वीकृती संस्था पाहते ती ठरलेले प्रश्न प्रयोगशाळा नीट विचारते का हे. तेच प्रश्न विचारायला हवेत का, हे पाहणे तिचे कामच नाही.

आता त्या वेड्यावाकड्या संदेशांच्या चाचणीकडे पुन्हा या. इंटरनेटवरील टीसीपी या भाषेत प्रत्येक संदेशाचा माथा किमान २० बाइटचा, म्हणजे १६० बिटांचा असतो. त्याची शक्य रूपे २ चा १६० वा घात, म्हणजे सुमारे १.५ गुणिले १० चा ४८ वा घात. सेकंदाला एक लाख संदेश पाठवले तरी सगळी रूपे संपायला १० च्या ४३ व्या घाताहून जास्त सेकंद लागतील. विश्वाचे वय सेकंदांत सांगायचे तर ते १० च्या १८ व्या घाताच्याही आत आहे. तेव्हा नमुनाच घ्यावा लागतो. नमुना प्रत्येक प्रयोगशाळेने आपापल्या मनाने घेतला तर एकीत पास झालेले उपकरण दुसरीत नापास होईल आणि पुनरावृत्तीची अट मोडेल. म्हणून नमुन्याचे नियम ठरवून टाकतात. ते ठरले की कंपनीला कळतात. कंपनी आधी घरी तेवढीच तयारी करून येते. दहावीच्या वर्षी बाजारात मिळणारे अपेक्षित प्रश्नसंच आपल्या परिचयाचे आहेत. त्यांचा अभ्यास केलेला मुलगा पास होतो, आणि त्याला काहीच येत नाही असेही नसते. पण त्याला काय येते, हे त्या गुणपत्रिकेवरून सांगणे कठीण असते. मापनाची पुनरावृत्ती आणि हल्लेखोराची कल्पकता या दोघींना एका घरात नांदवणे अवघड आहे. या अडचणीवर तज्ज्ञ बोलतात, पण प्रमाणपत्राच्या कागदावर तिचा मागमूस नसतो. तराजूच्या दाखल्यावर 'अनिश्चितता' हा रकाना असतो. सुरक्षेच्या दाखल्यावर तसा रकाना कसा भरायचा, हे आजही कोणाला ठरवता आलेले नाही.

शिवाय चाचणी विचारते ती बिघडलेल्या संदेशांविषयी. मॉडबसचा तो ८ बाइटचा संदेश अगदी सुदृढ असतो. भलत्या माणसाने धाडलेला असला तरी उपकरण न अडखळता, वेळेवर, झडप उघडते. बळकटपणाच्या चाचणीत हे उपकरण पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होईल.

हे केवळ तर्काने बोलत नाही. जून २०२२ मध्ये फोरस्काउट या कंपनीच्या संशोधकांनी दहा उत्पादकांच्या औद्योगिक उपकरणांमधील ५६ उणिवा जाहीर केल्या. त्यांतील बहुतेक चुकून राहिलेल्या नव्हत्या. रचनेतच सुरक्षेचा विचार नव्हता. ओळख न विचारणाऱ्या भाषा, आज्ञावलीतच लिहून ठेवलेले पासवर्ड, कोणीही बदलू शकेल असे फर्मवेअर असे त्यांचे स्वरूप होते. आणि बाधित उत्पादन-कुळांपैकी ७४ टक्क्यांजवळ कोणते ना कोणते सुरक्षा प्रमाणपत्र होते. या आकड्यावरून प्रमाणपत्र मिळवले की उपकरण असुरक्षित होते, असा अर्थ कोणी काढू नये. मोठ्या कंपन्या प्रमाणपत्रेही घेतात आणि संशोधकांच्या टेबलावरही त्याच जास्त येतात. शिवाय ही प्रमाणपत्रे एका जातीची नव्हती. काही फक्त बळकटपणाची होती, काही उपकरणाच्या एखाद्याच भागाची. पण निविदेतील अटीत 'प्रमाणपत्र जोडावे' एवढाच एक शब्द असतो, आणि तेथे ती सगळी सारखी ठरतात. आयईसी ६२४४३ मध्येच सुरक्षेच्या चार पातळ्या आहेत. पहिली पातळी चुकून किंवा सहज झालेल्या घुसखोरीपासून बचावाची, तर चौथी भरपूर साधने असलेल्या तज्ज्ञ हल्लेखोरापासून बचावाची. 'आम्ही ६२४४३ पास आहोत' हे वाक्य 'आम्ही परीक्षा पास आहोत' इतकेच बोलते. चौथीची की दहावीची, हे विचारावे लागते.

येथे एक जुने उदाहरण मुद्दाम देतो, कारण ते आमच्या म्हणण्याच्या दोन्ही बाजू दाखवते. २०१७ साली सौदी अरेबियातील एका पेट्रोरसायन कारखान्यात ट्रायकॉनेक्स जातीच्या सुरक्षा नियंत्रकांत शत्रूची आज्ञावली शिरली. हे नियंत्रक काही साधे नसतात. कारखान्यात दाब किंवा तापमान हाताबाहेर गेले तर सगळे बंद करणे हे त्यांचे एकमेव काम. यंत्रातील बिघाडांच्या कसोटीवर त्यांना वरच्या श्रेणीचे प्रमाणपत्र होते, आणि ते योग्यच होते. आत तीन प्रक्रियक एकच काम करतात आणि बहुमताने निर्णय घेतात. एक प्रक्रियक बिघडण्याची शक्यता हजारात एक धरली, तर दोन एकाच वेळी बिघडण्याची शक्यता दहा लाखांत सुमारे तीन होते. पण हा गुणाकार करताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो. एकाच्या बिघाडाचा दुसऱ्याच्या बिघाडाशी संबंध नाही, ही ती गोष्ट. निसर्गाच्या बाबतीत हे बहुधा खरे असते. हल्लेखोर मात्र तिघांतही एकच आज्ञावली भरतो. तेथे हजारात एकचा वर्ग होत नाही. आता दुसरी बाजू. हल्लेखोरांच्या कामात चूक राहिली, प्रक्रियकांच्या आपसांतील पडताळणीत गफलत उघड झाली आणि नियंत्रकांनी कारखाना सुरक्षितपणे बंद केला. त्यातूनच हा प्रकार बाहेर आला. तेव्हा जुनी, निसर्गासाठी केलेली तरतूद कामी आलीच नाही असे म्हणता येत नाही. तिच्यावर शत्रूच्या चुकीपुरते अवलंबून राहता येते, इतकेच. आणखी एक. या नियंत्रकाला एक किल्ली असते. ती 'चालू' स्थितीत असती तर बाहेरून आज्ञावली बदलता आली नसती. ती 'आज्ञावली भरा' या स्थितीत ठेवलेली होती. कोणतीही प्रयोगशाळा उपकरणाला प्रमाणपत्र देते, त्याची किल्ली फिरवणाऱ्याला नाही.

पैशाचा प्रश्न शास्त्रज्ञांना बोलायला आवडत नाही, पण तो टाळून चालणार नाही. या तपासणीचे शुल्क उपकरण बनवणारी कंपनी भरते. प्रयोगशाळा कोणती, हेही तीच निवडते. १७०२५ मध्ये निःपक्षपातीपणाचे कलम आहे आणि अधिस्वीकृती संस्था ते तपासतात. आम्ही ज्या तपासनीसांना भेटलो ते सरळ माणसेच वाटली. तरीही चार प्रयोगशाळांपैकी जी लवकर आणि कटकट न करता पास करते तिच्याकडे गिऱ्हाईक वळणार. इतिहासात याहून बरी घडी बसलेली आहे. बाष्पकांचे स्फोट होऊ लागले तेव्हा १८६६ साली अमेरिकेत हार्टफर्ड येथे एक विमा कंपनी निघाली. बाष्पक तपासायचा आणि मगच त्याचा विमा उतरवायचा, हा तिचा धंदा. १८९४ मध्ये शिकागोत 'अंडररायटर्स लॅबोरेटरीज' ही वीज-उपकरणे तपासणारी प्रयोगशाळा सुरू झाली. आगीचा विमा उतरवणारेच तिच्या पाठीशी होते. दोन्हीकडे तपासणीचा खर्च ज्याच्या खिशाशी बांधलेला होता, त्यालाच चुकीच्या तपासणीची भरपाई द्यावी लागणार होती. आपल्या डब्यांच्या बाबतीत चुकीच्या प्रमाणपत्राची किंमत मोजतो तो नळाखाली हंडा लावणारा माणूस. शुल्काच्या पावतीवर त्याचे नाव कुठेच नाही.

आपल्या देशात हा विषय दूरचा राहिलेला नाही. २ जुलै २०२० रोजी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने आदेश काढला. विद्युत यंत्रणेसाठी आयात होणाऱ्या उपकरणांत घातक आज्ञावली दडलेली नाही ना, याची तपासणी मंत्रालयाने नेमून दिलेल्या प्रमाणित प्रयोगशाळांत करावी, असे त्यात म्हटले होते. हेतू चांगला आहे आणि स्वतःच्या देशात अशा प्रयोगशाळा उभ्या राहणे अगत्याचेच आहे. पण 'दडलेले नाही' हे सिद्ध करणे आणि 'सापडले नाही' असे सांगणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी अर्धशतकापूर्वीच बजावले होते की चाचणीने आज्ञावलीतील चुका दाखवता येतात, चुका नाहीत हे दाखवता येत नाही. आदेशाच्या भाषेत हा फरक पुसला गेला, तर खालच्या अधिकाऱ्याच्या फाइलीत तो उरणार नाही.

आम्हाला ही व्यवस्था मोडावी असे वाटत नाही. तिच्यातील एक चांगले हत्यार मात्र येथे बोथट पडले आहे. रासायनिक प्रयोगशाळांना अधिस्वीकृती हवी असेल तर त्यांना प्रावीण्य चाचणी द्यावी लागते. आयोजक पाण्याचा एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना पाठवतो. त्यात शिसे किती आहे हे त्याला माहीत असते, प्रयोगशाळेला नसते. कोणाचे उत्तर किती चुकले ते कळते. असेच नियंत्रकांचे करता येईल. पंधरा उणिवा मुद्दाम पेरलेली उपकरणे प्रयोगशाळांना धाडावीत आणि कोणाला किती सापडल्या ते पाहावे. पेरलेल्यांपैकी कोणाला किती सापडल्या यावरून न सापडणाऱ्यांचा अंदाजही बांधता येतो. तळ्यातील मासे खुणा करून सोडायचे आणि पुन्हा जाळे टाकून एकूण मासे मोजायचे, ही जीवशास्त्रातील रीत शिक्षकांना ठाऊक आहेच. अनिश्चिततेचा तो रिकामा रकाना भरण्याची ही निदान सुरुवात होईल. प्रमाणपत्राबरोबर काय तपासले नाही हेही छापावे, अशी आमची दुसरी मागणी. आज सविस्तर अहवाल कंपनी आणि प्रयोगशाळा यांच्यात राहतो. विकत घेणाऱ्याच्या हाती एक पान येते.

आणि आवृत्तीचा घोळ. यात दोष कोणा एकाचा नाही. प्रमाणपत्र एका आवृत्तीला मिळते. दुसऱ्या महिन्यात उणीव सापडते, कंपनी दुरुस्त आवृत्ती काढते. ती घातली तर डबा अधिक सुरक्षित होतो, पण कागदाशी जुळत नाही. न घातली तर कागदाशी जुळतो आणि उणीव तशीच राहते. योजनांमध्ये फेरतपासणीच्या तरतुदी असतात, पण त्यांना वेळ आणि पैसा लागतो. युरोपीय संघाच्या 'सायबर रेझिलिअन्स' कायद्याने या बाबतीत निराळी वाट धरली आहे. तो डिसेंबर २०२४ मध्ये अंमलात आला आणि त्याची मुख्य कलमे ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील असे ठरले. उपकरण विकल्यावरही साधारणपणे किमान पाच वर्षे उणिवा दुरुस्त करत राहण्याची जबाबदारी तो उत्पादकावर टाकतो. एका दिवसाच्या परीक्षेपेक्षा वर्षभराच्या हजेरीला महत्त्व देण्यासारखे हे आहे. आम्हाला हा विचार अधिक पटतो.

शिबिराहून परतल्यावर महिनाभराने त्या नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा अभियंत्यांचे पत्र आले. आमच्या त्या दिवशीच्या चौकशीने ते काळजीत पडले होते. पुरवठादाराने दोन वर्षांपूर्वी येऊन नवी आवृत्ती घातली होती, त्या वेळी प्रमाणपत्राचा विचार कोणी केला नव्हता. आता लेखापरीक्षणात आक्षेप येईल, तेव्हा प्रमाणित असलेली जुनी आवृत्ती परत घालून घ्यावी का, असा त्यांचा प्रश्न होता. आम्ही लिहिले की जुनी मुळीच घालू नका. नव्या आवृत्तीत कोणत्या उणिवा दुरुस्त केल्या आहेत त्याची यादी पुरवठादाराकडून लेखी घ्या आणि ती प्रमाणपत्राला जोडून फाइलीत ठेवा. डबा मोडेमवरून बाहेर उघडा आहे का ते पाहा. असेल तर तो रस्ता बंद करा. पासवर्ड बदला आणि दारावरचा कागद काढा. महिन्यातून एकदा यंत्रणा हाताने चालवून पाहा, म्हणजे वेळ आली तर ऑपरेटरना सवय असेल.

त्यांचे उत्तर गेल्या आठवड्यात आले. पासवर्ड बदलला आहे, मोडेम काढला आहे. पुरवठादाराची यादी अजून आलेली नाही.